एक जोड पायताण, दहा महिन्यांनंतर

ज्यांना फक्त चपलेबद्दल वाचायचंय त्यांच्यासाठी मुख्य माहिती आधी देते. बायकांचं कोल्हापुरी पायताण, पायाच्या मापावर शिवून घेतलेलं. किंमत २,२०० रुपये, त्यातले ५०० आगाऊ. ठिकाण कोल्हापुरातलं सुभाषनगर. तीन आठवड्यांची मुदत सांगितली होती, मिळायला पाच लागले. वापरून दहा महिने झाले, त्यातले पावसाळ्याचे महिने ते खुंटीवर आहे. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईल.

कारागिराचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. "सिस्टर, नाव टाकू नका. माणसं येतील, मी हो म्हणीन आणि वेळेत द्यायला जमणार न्हाई. मग शब्द पडतो." घरात शिवणारे दोघंच आहेत, ते आणि त्यांची बायको. मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीला जातो, तो या कामात नाही. सुभाषनगरात अशी बरीच घरं आहेत. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत शिरलं की कातडं ठोकल्याचा आवाज येतो, त्या आवाजाच्या मागे गेलात की पोचलात.

आता माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

मी चौतीस वर्षं नर्स होते. नर्सिंग मिरजेला झालं, नोकरी सगळी कोल्हापुरात. गेल्या वर्षी निवृत्त झाले. उभं राहून राहून उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं हाड वर आलंय, डावी टाच सकाळी टेकवत नाही. दुकानातली कुठलीच चप्पल मला नीट बसत नाही. रुंदीला घेतली तर टाच मागून बाहेर पडते, टाचेला घेतली तर हाड घासतं. ड्युटीवर रबरी सॅंडल घालायचे, घरी आल्यावर प्लास्टिकच्या सपाता. चौतीस वर्षांत पायांकडे बघायला वेळ मिळाला नाही.

आमच्या बॅचमधल्या काही जणी नव्वदच्या दशकात आखाती देशांत गेल्या. मीही फॉर्म आणला होता. आई आजारी होती, मुलगी लहान होती, फॉर्म कपाटात राहिला. त्याबद्दल खंत नाही, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आले.

गेल्या वर्षी जुलैत त्यातल्याच एका मैत्रिणीनं शहराबाहेर बंगला बांधला आणि घरभरणीची प्रार्थना ठेवली. आमच्या चर्चचे पाळक आले, मंडळीतली चाळीसेक माणसं आली. सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. प्रार्थना संपवून मी लवकर निघाले आणि त्या रांगेत माझ्या सपाता शोधायला लागले. नवी फरशी, त्यावर चांगल्या चपलांची रांग, कडेला माझा जोड, एक पट्टा मी दाभणानं शिवलेला. मी कुणाला दिसू नये म्हणून घाईनं पायात सरकवल्या आणि गेटपर्यंत धावल्यासारखी गेले. आत ज्या घरासाठी मी देवाचे आभार मानले होते, त्याच घराचा बाहेर येईपर्यंत मला हेवा वाटायला लागला होता. मी हे महिला मंडळात बोलले आहे, म्हणून इथेही लिहायला लाजत नाही.

त्या रात्री झोप आली नाही. फोनवर फ्लॅट बघितले. मला पीएफची पेन्शन महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास येते आणि घराचं भाडं साडेसात हजार आहे. बाकीचं मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची ड्रेसिंग आणि इंजेक्शनं करून भागवते, थोडं मुलगी देते. फ्लॅट होणार नाही हे मला माहीत होतं, तरी अडीच वाजेपर्यंत बघत बसले. मग बूट बघितले. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या शोरूममध्ये जाऊन ६,४९९ रुपयांचे नामांकित कंपनीचे बूट घेतले, सहा हप्त्यांवर. चौथ्या दिवशी हाड सुजलं. परत घ्यायला त्यांनी नकार दिला, कारण तळ वापरलेला दिसत होता. हप्ते मात्र जानेवारीपर्यंत जात राहिले.

नेमकं ऑगस्टमध्ये महिला मंडळात वचनावर बोलायची पाळी माझी आली आणि उतारा होता बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय. प्रेषित पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं हे पत्र. तेराव्या वचनाचं अर्धं वाक्य, 'मी सगळं करू शकतो' हे, आपण गाड्यांच्या काचेवर लावतो, दहावीच्या मुलांना परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठवतो. त्याच्या आधीची दोन वचनं कुणी काचेवर लावत नाही. तिथे पौल म्हणतो की मी आहे त्या स्थितीत राहायला शिकलोय. भरलेल्या पोटानं आणि उपाशी, विपुलतेत आणि टंचाईत. आणि हे लिहिताना तो बंदिवान आहे.

मी तयारीसाठी आमच्या पाळकांकडे गेले. त्यांनी एकच गोष्ट दाखवली आणि ती मला पुरली. ते म्हणाले, "ताई, 'शिकलो' या शब्दावर बोट ठेवा. पौलाला हे जन्मतः नव्हतं, आणि ज्या दिवशी विश्वास ठेवला त्या दिवशीही मिळालं नव्हतं. बाराव्या वचनात तर मूळ ग्रीकमध्ये असा शब्द आहे की जो गुप्त दीक्षा घेतलेल्या माणसासाठी वापरत." इतकी वर्षं मी समाधान हे आपल्या श्रद्धेचं माप समजत होते. नाही वाटलं की आपलंच कमी पडतंय, म्हणून वाटतंय असं तोंडानं म्हणायचं. शिकायचं असतं म्हटल्यावर छातीवरचा दगड उतरला. जे शिकायचं ते चुकतही शिकता येतं.

आणखी एक गोष्ट मला स्वतः वाचताना दिसली. तो अख्खा उतारा म्हणजे पोच आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हातून पौलाला मदत पाठवली होती, ती मिळाल्याचं तो कळवतोय. म्हणजे तो मदत नाकारत नाही, मला कशाची गरज नाही असा ताठाही दाखवत नाही. घेतो, आभार मानतो, आणि सांगतो की तुम्ही पाठवलं नसतं तरी मी मोडलो नसतो.

निघताना पाळक सहज म्हणाले की पौलाचा धंदा तंबू करण्याचा होता. प्रेषितांच्या पुस्तकात अठराव्या अध्यायात आहे, करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे तो राहिला, कारण तिघांचा व्यवसाय एकच. आणि त्या काळी या कामात कातडं असायचं, म्हणून पुष्कळ अभ्यासक पौलाला कातडी काम करणारा माणूस मानतात.

मी रिक्षात बसले आणि मला रडू आलं. का, ते सांगते.

माझ्या पणजोबांच्या घरी कातडं कमवायचं काम होतं, कागलच्या बाजूच्या एका खेड्यात. बाभळीची साल आणि हिरडा कुटून पाण्यात घालायचा, कातडं पिशवीसारखं शिवायचं, त्यात ते पाणी भरून टांगून ठेवायचं. दिवसचे दिवस. आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले, शहरात आले. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले तेव्हापासूनच्या मिशनच्या कामाचं ते फळ, असं आजोबा अभिमानानं सांगत. त्यांना त्या वासाची लाज नव्हती. वडिलांना होती. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते, धुतलेला पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. आम्हा भावंडांना त्यांनी कधी कोल्हापुरी घालू दिली नाही. "पायताण घालायचं नाही. ज्यांनी शिवलं त्यांचंच पोर म्हणतील." शाळेतल्या सगळ्या मुली सणाला कोल्हापुरी घालून यायच्या, वेणीची, गोंड्याची, आणि कोल्हापुरात जन्मलेली मी प्लास्टिकच्या सॅंडलमध्ये. वडिलांना दोष देत नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या त्या याच शहरात, तरी लोकांच्या तोंडातले शब्द बदलायला फार वेळ लागला, आणि ते शब्द वडिलांनी ऐकले होते.

म्हणजे त्या नव्या फरशीवरून मी धावले ती बंगल्यापायी नव्हती. आपली पायांवरून ओळख पटेल ही भीती मला वारशानं आली होती. सहा हजारांचे बूट मी त्या भीतीला घातले होते. आणि इकडे पौल, ज्याच्या पत्रांवर आमची मंडळी उभी आहे, त्याच्या हातालाही बहुतेक तोच वास येत असणार. आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडी 'पायतणाचा बंद' असाच शब्द आहे. प्रभूच्या पायातल्या वस्तूला पायतणच म्हटलंय. माझ्या वडिलांनी घराबाहेर ठेवलेला शब्द रविवारी देवळात वाचला जात होता आणि मी तो कितीदा ऐकला होता.

दसरा झाल्यावर मी सुभाषनगरात गेले.

आता कामाबद्दल. दादांनी (म्हणजे त्या कारागिरांनी, त्यांचं वय पासष्टच्या पुढे असेल) मला वर्तमानपत्रावर उभं केलं आणि पेन्सिलनं दोन्ही पावलं आखली. मी म्हटलं एकाच पायाचं घेतलं तर नाही का चालणार. "दोन पाय सारखे कुणाचेच नसत्यात सिस्टर, तुम्ही एवढे पाय बघितला असाल." खरं आहे, बघितले होते, पण लक्ष दिलं नव्हतं. अंगठ्याच्या हाडाभोवती त्यांनी बोट फिरवलं, कुठे लागतं विचारलं, कागदावर फुली मारली. डॉक्टरनं इतक्या हळू हात लावलेला मला आठवत नाही.

तळाला म्हशीचं जाड कातडं, वर बकऱ्याचं मऊ. कमवलेलं वनस्पतीच्या सालीनं, रसायनानं नाही. तळाचे थर भिजवून दगडी फरशीवर ठोकतात, रापीनं कापतात, आरीनं भोक पाडून चामड्याच्याच वादीनं शिवतात. एकही खिळा नाही. वरच्या पट्ट्याची वेणी वहिनी घालतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हाताकडे बघतही नाहीत आणि वेणी सरळ येते. भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर, तिच्याशेजारी अंबाबाईचं कॅलेंडर, खाली ओल्या कातड्याचा ढीग. तो वास आत शिरला आणि मला पणजोबांचं घर आठवलं, जे मी कधी पाहिलंच नाही.

नमुने बरेच आहेत. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी अशी नावं तुम्हाला ऐकून माहीत असतील. मी साधं मागितलं, गोंडा नाही, जर नाही, कान लहान. दादांनी विचारलं, विंचू घालू का? विंचू घातला की चालताना कर्रकर्र आवाज येतो, पुष्कळांना तोच हवा असतो. मी नको म्हटलं. रात्रपाळीत वॉर्डात आवाज न करता चालायची सवय, ती आता सुटायची नाही.

मग किंमत. २,२०० ऐकून माझ्या तोंडात 'अठराशेला द्या की' आलंच होतं. चप्पल लाईनला, म्हणजे शहरातल्या चपलांच्या बाजारात, यापेक्षा स्वस्त मिळते, मशीनवर केलेली तर पाच-सहाशेलाही मिळते, हे मला माहीत होतं. आणि मनात एक फार सोज्वळ विचार आला की आपण साधेपणानं राहायचं ठरवलंय, मग एवढे कशाला द्यायचे. तेव्हा आमोस संदेष्ट्याचं वचन आठवलं, गरिबाला पायतणाच्या एका जोडापायी विकणाऱ्यांवर देवाचा कोप होतो ते. मी घासाघीस केली असती तर साधेपणा माझा आणि तोटा त्यांचा झाला असता. पाच दिवस दोन माणसं बसून एक जोड होतो, त्यात कातड्याचा खर्च. हे गणित मी घरी जाऊन कागदावर केलं आणि मला २,२०० कमी वाटले.

हे मी जरा आवर्जून लिहिते, कारण आमच्या लोकांत 'आहे त्यात समाधान मानावं' हे वाक्य बहुतेक वेळा वरून खाली बोललं जातं. मोलकरणीला, शिकाऊ नर्सला, कारागिराला. मला मी पंचवीस वर्षांची असताना एका वरिष्ठ बाईंनी पगारवाढ मागितल्यावर हेच ऐकवलं होतं, आणि तीमथ्याला पत्रातलं वचन जोडून ऐकवलं होतं: 'चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे.' वचन खरं आहे. पण त्याच अध्यायात पुढे श्रीमंतांनाही आज्ञा आहे, की उदार व्हा, वाटून द्या. बाईंनी तिथपर्यंत वाचलं नसावं. समाधान ज्यानं त्यानं आपल्या स्वतःच्या हावेशी बोलायचं असतं. दुसऱ्याच्या मजुरीशी त्याचा संबंध लावला की ते देवाचं राहत नाही.

याच संदर्भात एक. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्रादा कंपनीनं अगदी आपल्या पायताणासारखी चप्पल मांडली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेता. इथे गदारोळ झाल्यावर कंपनीनं मान्य केलं की ती भारतीय कारागिरांच्या परंपरेवरून आहे, मग त्यांची माणसं कोल्हापुरातही येऊन गेली. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात. मी दादांना विचारलं, तुम्हाला राग आला का. त्यांनी रापीला धार लावत सांगितलं, "राग येऊन काय करू? पण नाव घ्यायला पायजे हुतं." तेवढंच बोलले. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

पायताण नोव्हेंबरच्या मध्यावर मिळालं. मुदतीपेक्षा दोन आठवडे उशीर, आणि फोन मलाच करावा लागला. अर्ध्या ताऱ्यातला निम्मा भाग त्याचा.

पहिले आठ दिवस त्यानं मला छळलं. दादांनी सांगितलं होतं की एरंडेल लावा, रात्रभर ठेवा, रोज संध्याकाळी अर्धा तास घरातच घाला, दुखलं की काढा पण खाडा करू नका. तीन फोड आले, दोन डाव्या पायाला. नर्स असून मी स्वतःच्या फोडांना हळद लावत बसले होते. सहाव्या दिवशी मी ते दाराबाहेर ठेवून दिलं आणि ठरवलं की पुन्हा प्लास्टिकचंच घालायचं. सातव्या दिवशी परत आत आणलं. नवव्या दिवशी संध्याकाळी मी भाजी आणायला निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, आणि दारात काढताना लक्षात आलं की मघापासून पायांचा विचारच आला नव्हता. हाडाच्या जागी कातड्यात एक खळगा पडला होता. आता तो जोड दुसऱ्या कुणाला होणार नाही.

त्या आठ दिवसांत मी रोज संध्याकाळी तो अर्धा तास फिलिप्पैकरांस पत्र वाचत बसायचे, कारण चालता येत नव्हतं. मोठ्यानं वाचायचे. आमचे हे २०२१ च्या मे महिन्यात गेले. त्यानंतर कित्येक महिने मी तेविसाव्या स्तोत्रातलं 'मला काही उणे पडणार नाही' हे वाक्य म्हणू शकत नव्हते. देवळात सगळे म्हणायचे तेव्हा मी ओठ मिटायचे. कारण उणं होतं. पलंगाची एक बाजू उणी होती. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि देवासमोर तर नाहीच. नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी, पायांना तेल लावून बसले असताना, मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. उणं भरून निघालं म्हणून म्हटलं नाही. मेंढपाळ सोडून गेला नाही, हे चार वर्षांचे दिवस मोजून मला सांगता येत होतं. भाडं एकदाही थकलं नाही. कसं, ते मी हिशेबाच्या वहीत दाखवू शकते, प्रत्येक महिन्याला कुठून ना कुठून एक पेशंट आला आहे.

आणि तरी हाव गेली नाही, तेही लिहिते. पायताण पायाला बसल्यावर डिसेंबरात मला लगेच दुसरं हवंसं वाटलं. नाताळ होता, पुढे भाचीचं लग्न होतं. जरीच्या पट्ट्याचं, लाल गोंड्याचं. मी गेले, पाचशे रुपये हातात काढूनच गेले. दादा म्हणाले, "आदी ह्ये घाला की सिस्टर. दोन जोड झाले की एक घातला जात न्हाई, मग पावसाळ्यात त्याला बुरशी धरती. कातडं पायात असंल तरच जगतंय." धंदा करणारा माणूस गिऱ्हाईक परत पाठवतो हे मी पहिल्यांदा बघितलं. घरी येताना मला रानातला मान्ना आठवला, देवानं इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न. रोजच्या पुरता गोळा करा म्हणून सांगितलं होतं, ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्याच्यात किडे पडले आणि वास सुटला. लहानपणी मला ती शिक्षा वाटायची. आता वाटतं, ती त्या वस्तूची जातच असेल, साठवलं की सडणारी. भाचीच्या लग्नाला मी हाच जोड घालून गेले, तेल लावून, फडक्यानं पुसून. ठीक दिसला.

एकदा त्यांच्याकडे बसले असताना मी सांगितलं की आमच्या शास्त्रात आहे, इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात चालले आणि त्यांच्या पायातली पायतणं झिजली नाहीत. दादा हातोडी थांबवून म्हणाले, "चाळीस वर्सं? मग शिवणाऱ्यानं काय खायाचं?" वहिनी इतक्या हसल्या की वेणी सुटली. मीही हसले. पण प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की त्या रानात शिवणाऱ्यालाही मान्ना मिळत होता. ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "असंल तर बरं हाय."

आता उणिवा, कारण हे परीक्षण आहे आणि कुणी माझं वाचून पैसे घालवील. ओल्या टाइल्सवर हे पायताण सरकतं, म्हाताऱ्या माणसांनी बाथरूमजवळ अजिबात घालू नये. ड्युटीवर, दिवसभर उभं राहायच्या कामाला हे चालणार नाही, तळ कडक असतो. केएमटीची बस पकडायला धावता येत नाही. पहिला महिनाभर वास येतो, बंद कपाटात ठेवू नका. घामानं टाचेखाली काळा डाग पडतो आणि तो जात नाही. मार्चमध्ये उजव्या पायाचा पट्टा सैल झाला, तो त्यांनी पैसे न घेता आवळून दिला, मी बळंच पन्नास रुपये वहिनींच्या हातात ठेवले. पाण्यात भिजवलं तर संपलं. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात आम्ही नदीकडच्या घरात राहत होतो, पंचगंगा घरात कमरेपर्यंत आली होती. पाण्यात कातडं आणि पुस्तकं दोन्ही टिकत नाहीत हे तेव्हा कळलं. म्हणून जूनच्या पहिल्या सरीला मी पायताण पुसलं, तेल लावलं, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून स्वयंपाकघरात खुंटीला अडकवलं, चुलीच्या उबेच्या बाजूला. दर रविवारी काढून बघते. अजून बुरशी नाही.

मापाच्या बाबतीत एक सूचना. संध्याकाळी जा, पाय दिवसभरानं थोडे सुजलेले असतात, त्या वेळचं माप खरं. सकाळचं माप दिलंत तर संध्याकाळी आवळेल. बाहेरगावचे असाल तर वर्तमानपत्रावर दोन्ही पावलं आखून, जिथे लागतं तिथे फुली मारून कुणाच्या तरी हाती पाठवा. पैसे पूर्ण द्या.

मैत्रिणीच्या बंगल्यावर मी मेमध्ये पुन्हा गेले. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ड्रेसिंग करायला रोज जात होते. पायताण दारात काढायचे. फ्लॅटचं मनात येतं अजून, विशेषतः घरमालक वरच्या मजल्याचं बांधकाम काढतो तेव्हा. आलं की मी ते देवाला सांगते, जसं आहे तसं, आणि ड्रेसिंगची पिशवी भरते.

रक्षाबंधनाला मी भावाकडे गारगोटीला गेले होते. तो त्रेसष्ट वर्षांचा आहे, शाळेत शिक्षक होता, त्यानंही उभ्या आयुष्यात कोल्हापुरी घातलेली नाही. मी त्याला पणजोबांचं, पौलाचं, सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत जाऊन 'पुढारी'चा जुना अंक घेऊन आला, जमिनीवर पसरला आणि त्यावर उभा राहिला. मी पेन्सिलनं त्याची पावलं आखली. तो कागद घडी करून माझ्या शास्त्रात ठेवलाय, दसरा झाला की दादांकडे नेऊन देणार. त्याच्या कोपऱ्यात भावानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: विंचू घालून, चांगला वाजणारा.